जुहूचा रविवार



ज्या व्यासपीठावरून मोठमोठे पंडित बोलून गेले, तेथे उभे राहताना आम्हांला संकोच वाटतो. आमच्यापाशी पदवी नाही. सातवी झाली आणि आम्ही कामाला लागलो. पुढचे शिक्षण लालबागच्या एका रात्रशाळेत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले, उरलेले गेटसभांत. चालकांचे निमंत्रण आले तेव्हा, 'आम्हांला मजुरांच्या प्रश्नावर बोलू द्या,' असे आम्ही त्यांना कळवले. त्यांचे उत्तर आले, 'उन्हाळ्याचे दिवस आहेत, श्रोते दिवसभराच्या कामाने थकून येतात, एखादा हलका विषय घ्या.' तेव्हा आम्ही जुहू हा विषय घेतला. याहून हलका विषय तो कोणता? वाळू, वारा आणि भेळ! परंतु कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला भेळेच्या कागदावरसुद्धा हिशेबच दिसू लागतो. हा दोष आपण पोटात घालावा.

प्रथम जुहू म्हणजे काय ते पाहू. आज सांताक्रूझ किंवा विलेपार्ले स्टेशनवर उतरून बसने वीसपंचवीस मिनिटांत माणूस वाळूवर पोचतो, त्यामुळे जुहू हे एकेकाळी बेट होते हे कुणाच्या ध्यानात येत नाही. साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यालगत वाळूचा एक लांबट दांडा, मध्ये खाडीचा चिखल, आणि ओहोटीच्या वेळी पायी ओलांडता येईल एवढे पाणी, असे त्याचे मूळ रूप. पोर्तुगीज त्याला 'जुवें' म्हणत. वस्ती म्हणाल तर मासे धरणारे कोळी, माडावर चढून ताडी-माडी काढणारे भंडारी, आणि बाटून ख्रिस्ती झालेली काही कुटुंबे. त्यांचे सेंट जोसेफचे देऊळ १८५३ साली बांधलेले आहे. दक्षिण टोकाचा कोळीवाडा अजून तेथेच आहे. जुहूचे पहिले रहिवासी कोण, असा प्रश्न निघाला तर चित्रपटातील नटनट्यांची नावे घेणाऱ्यांनी तेथपर्यंत एकदा चालत जावे.

मुंबईच्या श्रीमंतांची दृष्टी या किनाऱ्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वळली. जमशेटजी टाटांनी येथे जमीन घेऊन बंगला बांधला, आणि जुहू-तारा भागात सुमारे १२०० एकरांवर एकेक एकराचे तुकडे पाडून समुद्रकाठचे विश्रामस्थान वसवावे, अशी आखणी केली. १९०४ साली त्यांचे निधन झाले आणि तो बेत तसाच राहिला. पण वारा सुटला होता. हळूहळू माडांच्या बनात शेटसावकारांचे बंगले उभे राहिले. १९२८ साली खाडीच्या सपाट जमिनीवर विमानतळ झाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन आपले छोटे विमान चालवीत याच ठिकाणी उतरले. पावसाळ्यात त्या तळाचे तळे होई, ही गोष्ट विमानाची छायाचित्रे पाहणाऱ्यांस ठाऊक नसते, कोळ्यांस ठाऊक असते.

विश्रांतीसाठी जुहूला आलेल्यांत गांधीजीही होते. १९२४ च्या आरंभी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, सरकारने त्यांना मुक्त केले, आणि मार्चपासून ते जुहूला राहिले. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी त्यांच्या विधिमंडळप्रवेशाविषयीच्या वाटाघाटी याच वाळूकाठी झाल्या. १९४४ च्या मे महिन्यात आगाखान राजवाड्यातून सुटल्यावर खंगलेल्या प्रकृतीने ते पुन्हा येथेच, मोरारजी कुटुंबाच्या बंगल्यात, येऊन राहिले. आणि मधल्या काळात, १९३० साली, विलेपार्ल्याच्या छावणीतील सत्याग्रही याच किनाऱ्यावर मीठ करण्यासाठी उतरले होते. म्हणजे पाहा, जो समुद्र आजाऱ्याला हवा देतो, तोच गरिबाला मीठही देतो. हवा फुकट असते आणि मीठही फुकट असायला हवे, हे सांगण्यासाठी माणसांना तुरुंगात जावे लागले.

'फुकट' हा शब्द आपण लक्षात ठेवा. त्याच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आता रविवारकडे वळू. चौपाटी आणि रविवार यांची गाठ आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे, की रविवार हा जणू सूर्यचंद्राप्रमाणे आपोआप उगवतो असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळवून घ्यावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारे गृहस्थ. कामगारांनी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबावे आणि सुट्टी म्हणजे वर्षाकाठचे काही सण, असा तो काळ. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १० हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, ही गोष्ट आम्ही जेथे जातो तेथे सांगतो, कारण ती सांगण्यासारखी आहे. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

हे आम्ही वाचनालयात प्रथम वाचले तेव्हा आमचे वय असेल अठरा-एकोणीस. वाचून आम्हांला राग आला. राग यासाठी, की आमच्या वडिलांनी आयुष्यभर ज्या दिवशी अंगावर धुतलेले कपडे घातले, तो दिवस त्यांना कुणी मिळवून दिला हे त्यांना कधी कुणी सांगितले नव्हते.

आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. वर्षातून एकदोनदा, दिवाळीच्या पुढेमागे किंवा परीक्षा झाल्यावर, रविवारी ते आम्हांला जुहूला नेत. दादरची चौपाटी जवळ असताना जुहू कशाला, असे आई म्हणे. वडील म्हणत, 'तिथला किनारा लांब आहे.' कापसाच्या किटाळात आणि साच्यांच्या आवाजात सहा दिवस काढणाऱ्या माणसाला लांबवर पाहण्याची हौस असते, हे आम्हांला फार उशिरा कळले. करी रोडहून दादर, दादरचा पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, सांताक्रूझ, आणि पुढे बस. आईने चपात्या आणि बटाट्याची भाजी बांधून घेतलेली असे. विकत घ्यायची ती एकच भेळ, आणि ती आम्हां चौघांत. वडील विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय सोडून बसत आणि काही बोलत नसत. साच्यांच्या आवाजाने त्यांना ऐकू कमी येई. पण समुद्र ऐकू येतो, असे ते म्हणत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वर्षी एके दिवशी, चांगला मधल्या वारी, वडील आम्हांला घेऊन जुहूला गेले. किनारा मोकळा होता. भेळ घेतली नाही. वडिलांनी विजार दुमडली नाही, पाण्यात गेले नाहीत, कोरड्या वाळूवर बसून राहिले. आम्ही लहान होतो, आम्हांला वाटले, आता काय, रोजच रविवार! परत येताना ते आईला एवढेच म्हणाले, 'काम असल्याशिवाय सुट्टीला चव नाही.' सुट्टी आणि बेकारी यांतला फरक आम्ही पुढे पुष्कळ पुस्तकांतून वाचला. पण शिकलो तो त्या दिवशी.

मंडळी, आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. चौपाटी ही विश्रांतीची जागा आहे, हे खरे. पण एकाची विश्रांती म्हणजे दुसऱ्याचे काम. रविवारी संध्याकाळी जुहूच्या वाळूवर हजारो माणसे बसलेली असतात. ती बसावीत म्हणून किती माणसे उभी असतात, हे आपण कधी मोजले आहे काय?

भेळवाल्याची गोष्ट घ्या. आपल्याला त्याची संध्याकाळ दिसते. त्याची सकाळ चुरमुऱ्यांच्या पोत्यापासून, चिंच भिजवण्यापासून, बटाटे उकडण्यापासून आणि पाण्याचे डबे भरून आणण्यापासून सुरू होते. गाडी मालकाची, मसाला मालकाचा, आणि भेळ कालवणारा मुलगा रोजावर. शहाळीवाला पहाटे ट्रकमधून माल उतरवून घेतो. फुगेवाला, खेळणीवाला आणि कणीसवाली दुपारच्या उन्हात वाळू तुडवीत निघतात, कारण गिऱ्हाईक सावली सोडून येण्याआधी जागा धरावी लागते. पूर्वी गळ्यात कॅमेरा अडकवून छायाचित्रे काढणारे पुष्कळ असत. प्रत्येकाच्या खिशातल्या फोनने त्यांचा धंदा बसवला. त्यांतले काही आता पहारेकरी झाले आहेत.

जीवरक्षकाचे काम तर आणखी कठीण. समुद्राला रविवार ठाऊक नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, आणि पावसाळ्यात ओहोटीचे पाणी माणसाला पायाखालून ओढून नेते. गर्दीची वेळ आणि धोक्याची वेळ ज्या रविवारी एकत्र येतात, त्या रविवारी मनोऱ्यावरच्या माणसाने पाणी प्यायला तरी मान कशी वळवावी? २०२३ च्या जूनमध्ये अरबी समुद्रात वादळ घोंघावत असताना येथे मुले बुडाली. शिट्टी वाजवून, ओरडून, हात धरून लोकांना पाण्याबाहेर काढणे हे त्यांचे रोजचे काम. आपण त्यांच्यावर चिडतो, कारण आपला रविवार ते बिघडवतात. या माणसांपैकी बऱ्याच जणांची नेमणूक ठेकेदारामार्फत होते. ठेका संपला की नोकरी संपली. पोहण्यात मुरलेला, किनाऱ्याची नस ओळखणारा माणूस दर ठेक्याला नव्याने कसा मिळणार, याचा विचार ठेका देणाऱ्यांनी करायला हवा.

सोमवारी पहाटे वाळू झाडणाऱ्या बायका येतात. पावसाळ्यात समुद्र आपण दिलेले सर्व प्लॅस्टिक व्याजासकट परत करतो, तेव्हा त्यांच्या कामाला मोजमाप राहत नाही.

आणि या सर्वांच्या मागे, रस्ता आणि वाळू यांच्यामध्ये, हॉटेलांची रांग आहे. यांपैकी एका हॉटेलात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, आम्ही तरुणपणी भांडी घासण्याच्या कामावर होतो आणि पुढे तेथेच युनियन बांधली. कामगारांनी मागच्या दाराने यायचे, मागच्या दाराने जायचे. समुद्राच्या बाजूच्या हिरवळीवर गणवेश घातल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. आठवड्याची सुट्टी कायद्याप्रमाणे होती, पण ती सोमवार ते गुरुवार यांच्यामध्येच. रविवारी मुलाची शाळा बंद, बायकोचे काम बंद, नातेवाइकांकडे लग्न, मुंज, बारसे, आणि आमचा माणूस ताट हातात घेऊन उभा. गुरुवारी त्याला सुट्टी, तेव्हा घरात कुणी नाही. सुट्टी मिळते, पण ती कुणाबरोबर घालवायला मिळत नाही. ही तक्रार कोणत्या कलमात बसवावी, हे आमच्या वकिलालाही सुचेना.

मागणीपत्रात आम्ही पगारवाढ, महागाईभत्ता वगैरे नेहमीच्या कलमांबरोबर एक कलम घातले: प्रत्येक कामगाराला पाळीपाळीने महिन्यातून एक रविवार. व्यवस्थापक हसले. म्हणाले, 'अहो, रविवार हाच तर आमचा धंदा.' आम्ही म्हणालो, 'साहेब, १८९० साली गिरणीमालकही हेच म्हणत होते.' त्यांना १८९० चे काही ठाऊक नव्हते. पण आठ महिन्यांनी करार झाला त्यात ते कलम होते. पगारवाढ मागितली त्याच्या निम्मीच मिळाली. आमच्यावर काही सभासद रागावले. 'रविवार घेऊन चाटायचा काय?' असे एकाने भर सभेत विचारले. त्याचा राग खोटा नव्हता, घरभाडे रविवारने भरले जात नाही. आम्ही चुकलो की काय, असे आम्हांलाही कित्येक रात्री वाटले.

पहिल्या महिन्यात ज्याच्या वाट्याला रविवार आला तो आमचा एक वाढपी, नालासोपाऱ्याला राहणारा. अकरा वर्षे त्याने या समुद्रासमोर चहाफराळ नेऊन दिला होता. सोमवारी आम्ही त्याला विचारले, 'काय केलेस सुट्टीचे?' तो ओशाळून म्हणाला, 'जुहूला आलो होतो.' आम्हांला वाटले थट्टा करतो आहे. पण तो खरोखरच बायको-मुलीला घेऊन, लोकलच्या गर्दीतून, त्याच किनाऱ्यावर आला होता. मुलीला दुरून हॉटेल दाखवले, आणि हॉटेलकडे पाठ करून ती तिघे वाळूवर बसली. 'अकरा वर्षांत इथे बसलो नव्हतो,' तो म्हणाला. मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. भेळ कालवणाऱ्या मुलाला त्याने सहज विचारले, 'तुला सुट्टी कधी?' त्या पोराने हात न थांबवता उत्तर दिले, 'बारिश में.'

पाऊस पडेल तेव्हा! बंधूंनो, त्या दिवसापासून हे दोन शब्द आमच्या कानांतून गेलेले नाहीत. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार गिरणीवाल्यापर्यंत पोचला, कचेरीतल्या कारकुनापर्यंत पोचला, भांडून-तंडून का होईना हॉटेलातल्या वाढप्यापर्यंत महिन्यातून एकदा पोचला. त्या भेळवाल्या पोरापर्यंत तो पोचलेला नाही. त्याची सुट्टी ढगांच्या हाती आहे, आणि तीही बिनपगारी.

कायदा काय म्हणतो? १९४८ साली मुंबई राज्याने दुकाने आणि आस्थापनांचा कायदा केला. त्याने लहान दुकानातल्या एकट्यादुकट्या नोकरालाही आठवड्याच्या सुट्टीचा हक्क दिला. अंमल किती झाला हा प्रश्न वेगळा, पण हक्क कागदावर होता. २०१७ साली नवा कायदा आला. दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मुभा त्याने दिली. कामगाराला पाळीने साप्ताहिक सुट्टी आणि सुट्टीच्या दिवशी काम केल्यास दुप्पट वेतन, हेही त्यात आहे. पण हे सर्व कुणाला? मूळ कायद्यात, जेथे १० किंवा अधिक कामगार असत त्यांना. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ही रेषा २० वर नेण्याचा निर्णय घेतला. भेळेच्या गाडीवर माणसे किती असतात? तीन, फार तर चार. म्हणजे छत्री मोठी करण्याऐवजी ती दरवेळी थोडी मिटवायची, आणि जे बाहेर राहतील त्यांना सांगायचे की पाऊस थोडाच आहे. २०१४ साली फेरीवाल्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. तो गाडी लावणाऱ्याच्या जागेचे रक्षण करतो. त्याच गाडीवर रोजाने राबणाऱ्याच्या सुट्टीविषयी तो बोलत नाही.

आता त्या 'फुकट' शब्दाकडे येऊ. जुहूची वाळू कुणाची? बंगलेवाल्यांची नव्हे, हॉटेलवाल्यांचीही नव्हे. भरतीच्या रेषेखालचा किनारा सरकारचा, म्हणजे आपणा सर्वांचा. १९८१ साली इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवण्यास बजावले, आणि १९९१ च्या फेब्रुवारीत किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. जुहूपुरते हे सर्व उशिराच झाले. भिंती आधीच उभ्या होत्या. जुहू-तारा रस्त्याने जाताना पाहा: समुद्र शंभर पावलांवर, पण दिसतो तो दोन कुंपणांमधल्या फटीतून. वाळूवर जायच्या वाटा म्हणजे अरुंद बोळ. असा एखादा बोळ एखाद्या पहारेकऱ्याच्या खुर्चीने बंद होऊ शकतो, आणि तो बंद झाला की फुकट समुद्र गरिबाला महाग पडतो. गरिबाला लांबवर पाहता येईल अशा जागा या शहरात उरल्या आहेत किती?

म्हणून आमचे मागणे तीन कलमांचे आहे, आणि तिन्ही साधी आहेत. पहिले, किनाऱ्यावर जाणारा प्रत्येक बोळ सार्वजनिक वाट म्हणून नोंदवून त्यावर तशी पाटी लावावी. दुसरे, जीवरक्षक आणि सफाई कामगार हे ठेक्यावर नव्हे, कायम नोकरीत असावेत, कारण समुद्र कायम आहे आणि कचराही. तिसरे, महापालिका ज्याला चौपाटीवर गाडी लावण्याचा परवाना देते, त्याच्याकडे रोजाने राबणाऱ्यालाही आठवड्यातून एक दिवस पगारी सुट्टी, ही परवान्याची अट असावी. मोठा कायदा होईल तेव्हा होईल. परवान्यावर चार ओळी वाढवायला लोकसभा लागत नाही.

तिसऱ्या कलमावर आम्हांला नेहमी विचारतात, 'मग भेळ महाग होईल, त्याचे काय?' होईल, दोनचार रुपयांनी होईल. आमच्या घरी एक भेळ चौघांत खाल्ली जात असे, त्यामुळे दोन रुपये म्हणजे काय ते आम्ही जाणतो. तरीही आम्ही म्हणतो की ते द्यावेत. आपला रविवारही कुणीतरी, आपल्याला न ओळखता, अर्धपोटी राहून मिळवलेला आहे.

वसंत संपत आला. आपल्यापैकी पुष्कळ जण पुढच्या एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन जुहूला जातील. जरूर जावे, पाण्यात पाय सोडून बसावे, जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की मुकाट्याने बाहेर यावे. आणि भेळ घेताना त्या मुलाला एवढेच विचारावे, 'बाबा रे, तुला सुट्टी कधी?' त्याचे उत्तर बदललेले ऐकू आले, तर युनियनच्या कचेरीत एक पोस्टकार्ड टाकावे. आम्ही वाट पाहत आहोत.